माँगूसचं अनेकवचन माँगीस का होत नाही?

खडूफळा

नववी-दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी अनेकवचनांचं टिपण करायचं आहे. पुस्तकांत नेहमीची यादी असते: फूट–फीट, टूथ–टीथ, गूस–गीस, माउस–माइस, मॅन–मेन, ऑक्स–ऑक्सन, चाइल्ड–चिल्ड्रन, शीप–शीप. वर शिक्का मारलेला असतो, 'अपवाद, पाठ करा'. पण मुलं अगदी योग्य शंका काढतात. गूसचं गीस होतं तर माँगूसचं माँगीस का नाही? माउसचं माइस, मग हाउसचं हाइस का नाही? फूटचं फीट होतं, बूटचं बीट का होत नाही? गोचा भूतकाळ वेंट, त्यात तर 'ग'सुद्धा उरत नाही. यामागे काही कारण आहे का? असेल तर वर्गात सांगता येईल असं हवं आहे.

उपधा

कारण आहे, आणि ते समजलं की यादी पाठ करायचं ओझं निम्म्यावर येतं. सुरुवात माँगूसपासूनच करा, कारण तो शब्द आपला मुंगूस आहे. मराठीतला मुंगूस पोर्तुगीजांनी मांगुश्तु म्हणून उचलला, फ्रेंचमध्ये तो मांगुस्त झाला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लिखाणात दिसू लागला. शेवटचं 'गूस' इंग्रजांना ओळखीचं वाटलं म्हणून स्पेलिंगही त्या पक्ष्यासारखं बसलं. हंसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. (मराठीतही तो दक्षिणेकडचा शब्द, कन्नड मुंगुसी आणि तेलुगू मुंगिस ही त्याची भावंडं.)

गूसचं गीस मात्र त्याच्या हजारेक वर्षं आधीच होऊन गेलेलं होतं. ते कसं झालं ते फूट या शब्दावर दाखवतो.

इंग्रजीच्या पूर्वज बोलीत पायाला 'फोट' आणि अनेक पायांना 'फोटिझ' म्हणत. हे दुसरं रूप लिहिलेलं सापडत नाही, नात्यातल्या भाषा ताडून ते मांडलेलं आहे. त्यातला शेवटचा 'इ' महत्त्वाचा. 'इ' उच्चारताना जीभ पुढे आणि वर जाते, 'ओ' उच्चारताना मागे असते. 'फोटिझ' भराभर म्हणताना जीभ पुढच्या 'इ'ची तयारी आधीच करू लागली आणि 'ओ' म्हणतानाच पुढे सरकली. ओठ ओचे, जीभ एची, असा मधलाच स्वर तयार झाला. जर्मन शिकणाऱ्यांना तो ओळखीचा असेल, 'ओ'वर दोन टिंबं देऊन लिहितात तो. मग शेवटचा 'इझ' झिजून गेला, ओठांचा गोलावाही गेला, आणि उरलं 'फेट'. प्रत्यय गेला, पण जाताना आतल्या स्वरावर आपली खूण ठेवून गेला. स्वराची ही ओढ इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपास घडली. जुन्या इंग्रजीच्या लिखाणात फोट–फेट, गोस–गेस, तोथ–तेथ अशा जोड्या तयारच आहेत.

दुसरा टप्पा साधारण १४०० ते १७०० या काळातला. त्यात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर एकेक पायरी वर चढले. 'ए'चा 'ई' झाला, 'ओ'चा 'ऊ' झाला, आणि आधीच सगळ्यात वर असलेले 'ई' आणि 'ऊ' फुटून 'आइ' आणि 'आउ' झाले. म्हणून फेटचं फीट, गेसचं गीस. उंदीर तेव्हा 'मूस' होता आणि अनेकवचनात 'मीस', म्हणून आज माउस–माइस. हीच दोन पावलं लूससाठी म्हणजे उवेसाठी लावून पाहा, लाउस–लाइस आपोआप येतं. पायाच्या शब्दातला 'ऊ' इंग्रजीत नंतर आखूड झाला. मराठीत आपण 'फूट' असं लांबवून म्हणतो, इंग्रज 'फुट' म्हणतो.

आता बूट. तो फ्रेंचमधला 'बोत', १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर आलेल्या शब्दांच्या लोंढ्यातला. 'फोटिझ'चं 'फेट' होत होतं तेव्हा तो इंग्रजीत नव्हताच. उत्तर अमेरिकेतल्या सांबरासारख्या प्राण्याला मूस म्हणतात, तो शब्द तिथल्या अल्गोन्क्विन कुळातल्या भाषांमधून सतराव्या शतकाच्या आरंभी आला. माँगूस त्याच्याही नंतरचा. उशिरा आलेल्यांना त्या वेळचा चालू प्रत्यय लागला, एस.

हाउसचं कारण वेगळं आहे. तो शब्द जुनाच, तेव्हाचा 'हूस'. पण तो नपुंसकलिंगी होता आणि त्याच्या वर्गाच्या अनेकवचनात 'इ' असा प्रत्ययच नव्हता. एक हूस, दोन हूस. 'इ' नाही म्हणून स्वर ओढला गेला नाही.

अनुनासिक

उपधा यांच्या उत्तरात एक भर. ज्या सात शब्दांत आज हा स्वरबदल टिकला आहे (मॅन, वुमन, फूट, टूथ, गूस, माउस, लाउस), त्यांतले बहुतेक संस्कृतातल्या शब्दांचे सख्खे नातेवाईक आहेत. मराठी मुलांना हे सांगितलं की यादी लक्षात राहते.

फूट म्हणजे पद. टूथ म्हणजे दंत. माउस म्हणजे मूष, ज्याचा मूषक झाला. गूस म्हणजे हंस. मॅन हा मनु या शब्दाच्या कुळातला. ध्वनी कसे बदलले याचाही ठरलेला क्रम आहे. जिथे संस्कृतात प, तिथे इंग्रजीत एफ (पद–फूट, पितृ–फादर). जिथे द, तिथे टी (दंत–टूथ, दशन्–टेन, द्वि–टू). जिथे त, तिथे टीएच (त्रि–थ्री). दंत–टूथ या एका जोडीत यांतले दोन नियम एकदम दिसतात, पहिल्या अक्षरात द–टी आणि शेवटी त–टीएच.

पण दंत आणि हंस यांच्यात अनुस्वार आहे, टूथ आणि गूसमध्ये नाही. तो कुठे गेला? इंग्रजीच्या पूर्वज बोलीत एस, एफ, टीएच अशा घर्षक ध्वनींच्या आधी आलेला 'न' गळाला आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. जर्मनने हा 'न' जपला आहे, त्यांचा हंस अजून 'गान्स' आहे आणि दात 'त्सान'. थिंकचं थॉट आणि ब्रिंगचं ब्रॉट होतं तिथेही असाच 'न' गळालेला आहे, त्या शब्दांत पुढे 'ह'सारखा घर्षक ध्वनी होता. त्या ध्वनीची निशाणी म्हणून स्पेलिंगमध्ये जीएच उरलं, उच्चारातून तेही गेलं.

ऑक्सनबद्दलही सांगायला हवं. ऑक्स म्हणजे संस्कृतातला उक्षन्, बैल. शब्द मूळचा नकारान्त आहे. आपण उक्षा–उक्षाणौ–उक्षाणः असं चालवतो, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या रूपात 'न'च डोकावतो ('ष'मुळे 'ण' होऊन). ऑक्सनमधला 'एन' तोच. तो आधी अनेकवचनाचा प्रत्यय नव्हताच, शब्दाच्या अंगातलं अक्षर होतं. एकवचनातून झिजलं, अनेकवचनात राहिलं, आणि लोकांना वाटलं की हाच प्रत्यय.

खडूफळा

हे फार उपयोगी आहे, दोघांचेही आभार. चिल्ड्रनमध्येही तोच 'एन' आहे का? मग मधला 'आर' कुठला? आणि शीप–शीप, डिअर–डिअर यांचं काय?

अनुनासिक

चिल्ड्रनमध्ये एकावर एक असे दोन प्रत्यय आहेत. जुन्या इंग्रजीत मुलाला 'चिल्ड' आणि अनेकांना 'चिल्ड्रु' म्हणत. हा 'आर' नपुंसकलिंगी शब्दांच्या एका छोट्या गटाचा. वासरू, कोकरू, अंडं हे शब्द याच गटातले. जर्मनमध्ये हा प्रत्यय अजून जोरात आहे, मूल 'किंट', मुलं 'किंडर'. त्याचं मूळ शोधत गेलं तर संस्कृतातल्या मनस्, नभस् या सकारान्त शब्दांच्या 'स्'पाशी पोचतो. जर्मानिक म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत त्या 'स्'चा आधी 'झ्' आणि मग 'र्' झाला.

पुढे इंग्रजीत 'आर'वाला गट इतका लहान झाला की 'चिल्डर' ऐकून ते अनेकवचन आहे हे लोकांना जाणवेना. म्हणून दक्षिणेकडच्या बोलींनी तेव्हा तिथे चालू असलेला 'एन' वर आणखी लावला. उत्तरेकडच्या बोलींत 'चिल्डर' बराच काळ टिकून होतं. ब्रेद्रन या ब्रदरच्या जुन्या अनेकवचनातही तसंच, आधी स्वर बदलला आणि मग 'एन' लागला. गाईचं जुनं अनेकवचन 'काइन'सुद्धा असंच दुहेरी. काउ म्हणजे आपला गो, हे वेगळं सांगायला नको.

शीप आणि डिअर मात्र हाउसच्या वर्गातले, नपुंसकलिंगी आणि अनेकवचनात प्रत्यय नसलेले. मराठी मुलांना यात नवल वाटायचं कारण नाही. एक बैल–दोन बैल, एक दगड–दहा दगड, एक उंदीर–चार उंदीर, आपले अकारान्त पुल्लिंगी शब्द हेच करतात. वर्गात शीप शिकवताना आधी बैल फळ्यावर लिहावा.

डिअरचा अर्थही पाहण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत तो कुठलाही प्राणी, जर्मन 'टीअर' अजून त्याच अर्थाने वापरतात. मग शिकारीचा प्राणी आणि शेवटी फक्त हरीण. आपल्याकडे मृग या शब्दाने हीच वाट धरली. मृग म्हणजे रानातलं कुठलंही जनावर, म्हणून सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग, शिकार ती मृगया. आज मृग म्हटलं की हरीणच.

पाटीपुस्तक

गोचा वेंट राहिला, तो मी घेतो.

वेंट हा गोचा भूतकाळ नव्हताच. वेंड असं वेगळं क्रियापद होतं, अर्थ वळणे, वाट धरणे. सेंड–सेंट, लेंड–लेंट, बेंड–बेंट, तसं वेंड–वेंट. गोचा स्वतःचा भूतकाळ जुन्या इंग्रजीत 'एओदे' होता. तोही दुसऱ्याच धातूचा, म्हणजे ही उसनवारी आधीपासूनची आहे. १५०० च्या सुमारापर्यंत वेंटने एओदेची जागा घेतली. वेंड बिचारा भूतकाळ गमावून बसला, त्याला मग वेंडेड असं नवं रूप मिळालं.

मुलांना हे विचित्र वाटलं तर विचारावं, 'मी जातो' याचा भूतकाळ काय? 'मी जालो' कुणी म्हणत नाही. जाणे आलं संस्कृतच्या 'या' धातूवरून, गेला आलं 'गम्'च्या 'गत'वरून. मराठी आणि इंग्रजी दोघींनी 'जाण्या'साठीच दोन धातू जोडले, कारण सर्वांत जास्त वापराच्या क्रियापदांची रूपं प्रत्येक जण लहानपणी ऐकूनच उचलतो, नियम लावून बनवत नाही. त्यामुळे ती नियमाबाहेर राहूनही टिकतात. इथे एक गल्लत टाळावी, करतो–केला हे असं जोडकाम नाही. केला हे 'कृ'च्याच 'कृत'पासून आलंय, धातू एकच, फक्त झिजलेला.

बी या क्रियापदात तर तीन धातू आहेत. ॲम आणि इज हे 'अस्'चे, संस्कृतातले अस्मि आणि अस्ति. बी आणि बीन हे 'भू'चे. वॉज आणि वेअर हे 'वस्'चे, राहणे या अर्थाचे. वॉजमध्ये मूळचा 'स' राहिला (आजचा 'झ' उच्चार बराच नंतरचा) आणि वेअरमध्ये त्याचा 'र' झाला, म्हणजे अनुनासिक यांनी चिल्ड्रनमध्ये दाखवलेला बदल इथे एकाच क्रियापदाच्या एका रूपात दिसतो, दुसऱ्यात नाही.

आता टिपणाच्या दृष्टीने, मुलं नेमकी कुठे चुकतात ते. सगळ्यात जास्त चूक दुहेरी अनेकवचनाची, फीट्स आणि चिल्ड्रन्स. फीटच्या आतच अनेकवचन आहे, बाहेरून एस लागत नाही. चिल्ड्रन्स हे रूप फक्त 'मुलांचा' या अर्थी बरोबर, आणि तेव्हा लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) एसच्या आधी द्यायचं. टीचर्स डेमध्ये ते एसच्या नंतर देतात, कारण तिथे एस अनेकवचनाचा आहे. चिल्ड्रन्स डेमध्ये एस निव्वळ षष्ठीचा, मराठीतल्या 'चा-ची-चे'सारखा. विमेन्स आणि मेन्स यांनाही हेच लागू. दुकानांच्या पाट्यांवर हे चिन्ह सर्रास चुकीच्या जागी असतं आणि मुलं तेच उचलतात.

दुसरी चूक, 'ए सिक्स-फीट वॉल'. नामाच्या आधी विशेषण म्हणून माप आलं की फूटच हवं, 'ए सिक्स-फूट वॉल'. भिंत सहा फूट उंच आहे असं वाक्याच्या शेवटी सांगताना फीट. कारण जुनंच आहे. संख्येनंतर तेव्हा षष्ठी अनेकवचन वापरत, ते रूप 'फोटा' होतं. त्यात 'इ' नसल्यामुळे स्वर बदललेला नव्हता, आणि फोटाचा शेवट झिजल्यावर ते एकवचनासारखं दिसू लागलं.

तिसरी चूक, 'डिड' नंतर वेंट. 'डिड यू वेंट' नाही, 'डिड यू गो'. भूतकाळ एकदाच दाखवायचा, तो डिडने दाखवला. चिल्ड्रन्ससारखीच ही दुहेरी खूण.

उपधा

पाटीपुस्तक यांच्या 'फोटा'ला दुजोरा. उलट, चतुर्थी एकवचनात 'इ' होता, म्हणून 'एका पायाला' या अर्थीसुद्धा जुन्या इंग्रजीत 'फेट'च म्हणत. म्हणजे हा स्वरबदल सुरुवातीला अनेकवचनाचा नव्हताच, जिथे 'इ' तिथे तो. विभक्त्या गळाल्या आणि अनेकवचनात तेवढा शिल्लक राहिला.

बुकचंही एक सांगायचं राहिलं. बुकचं अनेकवचन 'बेच' होतं, अगदी फूटसारखं. ओक झाडाचं आणि गोटचंही स्वर बदलूनच होत असे. हे शब्द नंतर एसकडे गेले. एस हा मुळात पुल्लिंगी शब्दांच्या एका मोठ्या वर्गाचा प्रत्यय, दगडाचं 'स्तान–स्तानस'. विभक्त्या ढासळू लागल्यावर तो सगळीकडे पसरला. म्हणून 'जुना शब्द म्हणजे स्वर बदलणारच' असं टिपणात लिहू नये. 'स्वर बदलतो तो शब्द जुना' एवढंच खरं आहे.

आणि वुमनचं स्पेलिंग. मूळ 'वीफमन', वीफ म्हणजे स्त्री, मन म्हणजे माणूस. त्याचा 'विम्मन' झाला. 'व'च्या गोल ओठांनी एकवचनातला 'इ' गोल करून 'उ' केला, अनेकवचनात 'इ' तसाच राहिला. स्पेलिंगमध्ये मात्र दोन्हीकडे ओ. म्हणून लिहिताना फक्त शेवटचा स्वर बदलतो, बोलताना पहिला स्वर बदलतो, वुमन–विमिन. हे मोठ्याने म्हणवून घ्या, नाहीतर मुलं 'वुमेन' म्हणतात.

खडूफळा

नाइफ–नाइव्ह्ज, वुल्फ–वुल्व्ह्ज यांतही असंच काही आहे का?

उपधा

हो. जुन्या इंग्रजीत एफ, एस आणि टीएच हे ध्वनी दोन स्वरांच्या मधे, किंवा 'ल'सारखा ध्वनी आणि स्वर यांच्या मधे, आले की घोष होत, म्हणजे कंठात कंप यायचा. वुल्फ शेवटी 'फ', पण 'वुल्फस'मध्ये पुढे स्वर आल्याने 'व्ह'. फ आणि व्हला लिपीत वेगळी अक्षरं मिळाली म्हणून स्पेलिंग बदललं. हाउसमध्येही अगदी हेच होतं, एकवचनात 'स', अनेकवचनात 'हाउझिझ'. पण एस आणि झेडचा फरक स्पेलिंगने दाखवला नाही, म्हणून लक्षात येत नाही. चीफ आणि ब्रीफ फ्रेंचमधून आले, त्यांना नुसता एस. रूफ जुना असूनही आता रूफ्स असंच लिहितात, बुकसारखाच तो नियमाकडे वळला.

वेलांटी

थोडं उशिरा लिहितोय, पण मुंगसाशी संबंधित आहे.

पहिलं, माँगूसेस हेच सगळीकडे चालणारं अनेकवचन. परीक्षेत तेच लिहावं. एखाद्या अमेरिकन शब्दकोशात माँगीसही दुय्यम रूप म्हणून मिळतं. ते गूसच्या सारखेपणातून नव्याने आलेलं आहे, स्वरबदलाच्या जुन्या नियमातून नाही.

दुसरं, उच्चारातून झालेल्या गैरसमजाने शब्द बदलतो हे दाखवायला ऑरेंज घ्या. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज. स्पॅनिशमध्ये अजून नारांहा, 'न' शाबूत. इटालियन आणि फ्रेंचमध्ये आधीच्या 'एक' या शब्दाला शेवटी 'न' होता, त्यात फळाचा 'न' विरघळला आणि ऑरेंज उरलं. इंग्रजीने ते तसंच घेतलं. इंग्रजीत याच कारणाने 'ए नेप्रन'चं 'ॲन एप्रन' झालं. नॅपकिनमध्ये तो 'न' अजून आहे, दोन्ही शब्द कापडाच्या एकाच फ्रेंच शब्दावरून. क्रिकेटचा अंपायर आधी 'नंपायर' होता, फ्रेंच 'नॉनपेर', म्हणजे जोडीतला नसलेला, तिसरा. उलटही घडलं, 'ॲन एकनेम' म्हणजे जादा नाव, त्याचं 'ए निकनेम' झालं. ए आणि ॲन शिकवताना हे चार शब्द पुरतात.

तिसरं, मुंगूस हा शब्द मराठीत चालवून पाहा. एक मुंगूस, दोन मुंगसं, मुंगसाला, मुंगसाने. मधला 'ऊ' गेला. लाकूड–लाकडं, लाकडाला यांतही तसाच. तीन अक्षरी शब्दात मधला स्वर दीर्घ ई किंवा ऊ असेल तर सामान्यरूपात त्याचा अ होतो, हा शुद्धलेखनाचा नियम बेरीज–बेरजेला वगैरे शब्दांसाठी शिकवतातच. म्हणजे अनेकवचनात आतला स्वर बदलण्याची सवय या शब्दाला मराठीत होती. इंग्रजीने फक्त एकवचन उचललं, म्हणून ती मागेच राहिली. वर्गात फळ्यावर दोन रकाने करा, डावीकडे मुंगूस–मुंगसं, उजवीकडे गूस–गीस, आणि दोन्हीकडे कुठला स्वर बदलला ते मुलांना खडूने गोल करायला सांगा.

खडूफळा

दोन रकान्यांचं नक्की करतो. डाव्या रकान्यात लाकूड–लाकडं आणि उजव्या रकान्यात टूथ–टीथ, माउस–माइस घालतो. माँगूस मात्र दोन्हींच्या मधे, खाली एकटा लिहितो.